एकादशीचे दोन लाडू

शांताबाई रोज पहाटे तुळशीला पाणी घालून आली की देवापुढं दोन वाती लावायची. एक देवाची. दुसरी एका माणसाची, आणि तो माणूस जिवंत होता. तीन वर्षांमागं तिचा नवरा तेजराम नेपाळात, पोखऱ्याच्या एका धर्मशाळेत वारला. त्या परक्या मुलखात ज्यानं लाकडं जमवली, खांदा दिला, पोराच्या जागी उभं राहून अग्नी दिला, त्या प्रीतमगिरी महाराजांना उदंड आयुष्य मिळो म्हणून ती दुसरी वात होती. हट्टा गावच्या त्या घरात एखाद्या दिवशी चहा राहून जायचा, पण वात राहून जात नसे.

ज्येष्ठ संपत आला होता. बुधवारी भर दुपारी वीरेंद्र दारात उभा राहिला तेव्हा तिला वाटलं, खाणीत काही झालं. तिचा हा एकुलता मुलगा उकव्याला मँगनीजच्या खाणीत कामाला होता आणि रविवार सोडून कधी घरी येत नसे. त्यानं पाण्याचा तांब्याही घेतला नाही. मोबाईल काढून तिच्यापुढं धरला.

"माय, हा चेहरा पाह्य."

दाढी उतरवलेली होती, गळ्यातली माळ गेली होती, दोन्ही अंगाला पोलीस उभे होते. तरी शांताबाईनं ओळखलं, आणि सवयीनं तिचे हात जोडले गेले.

"हात खाली कर," वीरेंद्र म्हणाला. "यानंच मारलं बाबाले."

मग तो ओसरीवर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. सहा वर्षांत पाच माणसं गेली होती. सगळी इकडची, वैनगंगेच्या दोन्ही काठांवरची, साठीच्या पुढची, बायकोला घेऊन नेपाळच्या यात्रेला गेलेली. प्रत्येक जण कुठल्यातरी धर्मशाळेत झोपेतच गेला होता. आणि प्रत्येक विधवेपाशी सकाळी हाच माणूस धावून आला होता, आपल्या बोलीत बोलणारा, भला माणूस. पुढं तुमसरकडची एक मुलगी बापाच्या मृत्यूचा दाखला आणायला म्हणून तिथं गेली. तिथल्या एका धर्मशाळेच्या मालकिणीच्या गळ्यात तिला आपल्या आईची पोत दिसली. महाराजांनी नदीत सोडली म्हणून सांगितलेली तीच पोत. तिथून धागा लागला.

शांताबाईचा हात आपल्या मोकळ्या गळ्याकडं गेला. तिनंही दिली होती. पोत, चारही बांगड्या, जोडवी. 'सौभाग्याचं लेणं घरी परत नेत नसतेत माय, आणा, मी गंडकीत सोडून येतो,' असं तो म्हणाला होता, आणि हे सांगताना त्याचे डोळे भरून आले होते. तिनं स्वतःच्या हातानं एकेक काढून त्याच्या ओंजळीत ठेवलं होतं.

वीरेंद्र सांगतच होता. त्या माणसानं चोरी कबूल केली होती. प्रसादात झोपेच्या औषधाची पूड घालत होतो, दोघं गाढ झोपले की सामान चाळायचं, एवढंच मनात होतं, असं तो म्हणत होता. मारलं मात्र कोणाला नाही. म्हातारी माणसं, थंड हवा, चढाव, आपल्या मरणानं मेली. आणि जी माणसं तिथंच जाळून राख झाली, त्यांच्या पोटात काय होतं हे आता तपासणार कोण? तेव्हा सगळी भिस्त त्या पाच बायांच्या बोलण्यावर होती. बालाघाटच्या पोलीस ऑफिसात शांताबाईचा जबाब घेणार होते आणि तो तिकडच्या कोर्टात जाणार होता.

"तुले काही जास्तीचं सांगाचं नाही," वीरेंद्र म्हणाला. "लाडू त्यानं देला, बाबानं खाल्ला, सकाळी बाबा उठले नाही. बस. आमच्या युनियनचा वकील म्हणे, एक लाडू खाऊन माणूस मेला तर त्याले फाशीवाणी शिक्षा होईन. पण माणसानं आपल्या मनानं जास्त खाल्लं असं निघालं, का तो सुटला. चोरीचे दोन-चार वर्स भोगन आन् बाहेर."

शांताबाईनं तसाच राहिलेला तांब्या उचलून आत नेला. वीरेंद्रला ते नेहमीचंच वाटलं. ती मुळात कमी बोलणारी होती.

पण तेजरामनं लाडू दोन खाल्ले होते. आणि दुसरा तिनं दिला होता.

हे तिनं तीन वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे. त्यात सांगण्याजोगं काही आहे असंच तिला कधी वाटलं नव्हतं. प्रसाद तो प्रसाद, एक काय नि दोन काय. आता मात्र तिनं ते मोजले.

तो दिवस तिला लख्ख आठवत होता. वैशाखातली मोहिनी एकादशी. गोंदियाहून निघालेल्या यात्रेच्या बसमधले बाकी सगळे पहाटे जीप करून मुक्तिनाथाला वर गेले होते. तेजरामचा गुडघा सुजला होता म्हणून ही दोघं खाली धर्मशाळेत राहिली. तेजराम गमतीत म्हणत होता, देवाले सांगा, अर्ध्या वाटेवर तू ये, अर्ध्या वाटेवर मी आलोच आहो. दिवस मावळायच्या सुमाराला अंगणात भगव्या कपड्यातला एक माणूस येऊन बसला आणि तेजरामच्या गुडघ्याकडं बघून म्हणाला, "काहून दादा, लय दुखून राह्यलं का?"

पंधरा दिवस कानावर नेपाळी आणि मोडकी हिंदी पडत होती. त्यात हे 'काहून'. दोघांचे चेहरे असे उजळले की जणू घरचाच कोणी दारात आला. त्यानं आपलं नाव सांगितलं, देवळात सेवा करतो म्हणाला, मूळचा भंडाऱ्याकडचा. गावांची नावं निघाली, धानाची गोष्ट निघाली, तेजरामनं त्याला हट्ट्याच्या बावडीचं वर्णन ऐकवलं. मग त्यानं शांताबाईकडं वळून अदबीनं विचारलं, "माय, आज एकादशी. तुमी धरली असन?" तिनं मान हलवली. नवऱ्यानं धरली का, हेही त्यानं विचारलं. तेजराम हसून म्हणाला होता, "माही एकादशीबी हीच धरते. मी खाण्याचं खातं सांभाळतो."

महाराज गेला आणि पाऊण तासानं परत आला. पानात गुंडाळलेले दोन लाडू, दोघांना एकेक. बुंदीचे. तिनं आपला लाडू कपाळाला लावला, उद्या बारस सोडताना खाईन म्हणाली. तो म्हणाला, "इथचा प्रसाद वासी होऊ देत नसतेत माय. नवरा-बायकोचा वाटा एकच. दादाले देऊन टाका." आणि नमस्कार करून निघून गेला.

तिनं दिला.

आठ दिवस ती या एवढ्याशाच गोष्टीभोवती फिरत राहिली. गुरुवारच्या पहाटेपासून तिनं दुसरी वात लावली नव्हती, नुसती देवाचीच लावत होती. खोटं बोलायचं नाही हा तिचा काही वेगळा नेम नव्हता. तो सगळ्या नेमांच्या खालचा होता, जसं घराखालचं जोतं. पण खरं बोललं तर तो माणूस सुटणार. आणि खरं बोललं तर वीरेंद्र ऐकणार. बाप गेल्यापासून त्यानं तिला फुलासारखं जपलं होतं. ज्या हातानं आपल्याला भरवलं त्याच हातानं बापाला तो दुसरा लाडू दिला, हे ऐकल्यावर तो आपण वाढलेल्या ताटावर कसा बसेल? एकदा तिनं धीर करून विषय काढला. बाबांना गोड फार आवडायचं, नाही का रे, असं म्हणाली. वीरेंद्र म्हणाला, "ते सांगाचं नाही तिथं. बिलकुल सांगाचं नाही." तिचा धीर तिथंच आटला.

जबाबाच्या दिवशी दोघं सकाळच्या बसनं बालाघाटला गेली. पोलीस ऑफिसातली बाई तिशीतली होती. तिनं आपलं नाव आम्रपाली असं सांगितलं, खुर्ची ओढून दिली, पंखा शांताबाईकडं वळवला. टेबलावर कॅमेरा होता. एक शिपाई लिहून घ्यायला बसला. वीरेंद्र मागच्या बाकावर बसला. मावशींना आधार म्हणून बसा, पण मधी बोलू नका, असं आम्रपालीनं त्याला बजावलं.

गाव कोणतं, यात्रा कधी, धर्मशाळा कोणती, हे सगळं झालं. फोटो दाखवले, तिनं ओळखले. लाडू दिला का? दिला. त्यांनी खाल्ला का? खाल्ला.

"तुमी खाल्ला नाही?"

"माही एकादशी होती."

शिपायानं लिहिलं. आम्रपाली पुढच्या कागदाकडं वळली. आता ती मृत्यूच्या सकाळबद्दल विचारणार होती. तो दुसरा लाडू कुठं गेला, हे तिनं विचारलं नाही, विचारणार नव्हती. शांताबाईला दिसलं की सगळं असंच सुखरूप निघून जाणार आहे. खोटं बोलायचीही गरज पडणार नाही. नुसतं गप्प राहायचं.

"मॅडम," ती म्हणाली. आवाज इतका हळू होता की शिपायानं मान वर केली. "माह्या वाट्याचा लाडूबी त्यायनंच खाल्ला. मी देला."

मागं बाक करकरला. आम्रपालीनं तिकडं एकदाच पाहिलं.

"सावकाश सांगा मावशी. दोन लाडू खाल्ले त्यायनं?"

"हौ. दोन."

"आधी कोणाले सांगतलं होतं?"

"नाही. पोरालेबी नाही."

आम्रपालीनं पुढचा कागद बाजूला सारला. "मावशी, आमच्या घरी बाबासाहेबाचा फोटो आहे, देवघर नाही. उपासाचं मले काही समजत नाही. नीट समजावून द्या. प्रसाद होता, तरी तुमी काहून खाल्ला नाही? देवाच्या घरचं उपासालेबी चालत नाही का?"

"बुंदीचा होता न. बुंदी बेसनाची. ते अन्न झालं. एकादशीले अन्न चालत नाही."

"मंग काय चालते?"

"पेढा चालते. राजगिऱ्याचा लाडू, शिंगाड्याचा, खोबऱ्याचा. एकादशीले देवळातबी तेच वाटत असतेत. देवळातला माणूस त्या दिवशी बुंदी..."

शांताबाई थांबली. तीन वर्षं रोज आठवलेली ती संध्याकाळ तिनं पहिल्यांदाच दुसऱ्या बाजूनं पाहिली.

"देवळातला माणूस एकादशीले बुंदीचा लाडू आणत नाही," ती म्हणाली. "त्याले तिथी माहीत होती. त्यानंच आधी इचारलं, एकादशी धरली का म्हणून. त्यायनं धरली का, तेबी इचारलं. इचारून गेला आन् मंग आणले."

"मंग? लाडू देल्यावर काय म्हणला?"

तिनं सांगितलं. वासी होऊ देत नसतेत. नवरा-बायकोचा वाटा एकच. दादाले देऊन टाका. एकेक शब्द सांगितला आणि शिपायानं एकेक शब्द लिहिला.

आम्रपाली उठली, कपाटातून फाईल काढली, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि ते या वर्षाचं आहे म्हणून मोबाईल उघडला. मग बाकीच्या चौघांना लाडू दिल्याच्या तारखांतली एक वाचली आणि त्या दिवशी काय होतं ते मोबाईलमधल्या पंचांगात शोधू लागली. तिला ते जमेना. शांताबाईनं त्या महिन्यात पुनव कोणत्या तारखेला होती ते विचारून बोटांवर मोजून सांगितलं, एकादशी. दुसरी तारीख. तीही एकादशी. तिसरी शिवरात्रीची. चौथी तारीख सोमवारची होती, आणि श्रावणातली.

"चारही बायांनी लिहून देलं आहे," आम्रपाली म्हणाली, "मी खाल्ला नाही, माहा उपास होता. नवऱ्यानं त्यायचा एक खाल्ला. त्या दुसऱ्या लाडवाचं काय झालं ते कोणी सांगतलं नाही. आमीबी इचारलं नाही. मी तर समजली, का फेकला असन."

"प्रसाद कोणी फेकत नाही."

"ते त्याले माहीत होतं." आम्रपाली खाली बसली. तिचा आवाजही आता हळू झाला होता. "मावशी, तो सांगून राह्यला, दोघायले एकेक देत होतो, झोपासाठी. एका लाडवात माणूस मरत नाही. खरंच मरत नसन. म्हणून तर दोन होते. तुमाले झोपवाचंच नव्हतं त्याले. तुमी जाग्या पाह्यजे होत्या, सकाळी रडाले, आन् अंगावरचं काढून द्याले. आन् तुमी कोणाले सांगणार नाही, हेबी त्यानं धरलं होतं. पाच घरं झाले, कोणी सांगतलं नाही."

"कशा सांगतीन," शांताबाई म्हणाली.

जबाब वाचून दाखवला. तिनं जिथं सांगितलं तिथं सही केली, प्रत्येक पानावर. हा जबाब आधी तिकडच्या पोलिसांना जाईल, मग त्या चौघींना पुन्हा बोलावून दुसऱ्या लाडवाचं विचारलं जाईल, असं आम्रपालीनं सांगितलं. आता चोरीवर निभावणार नाही त्याचं, असंही म्हणाली. दारापर्यंत सोडायला आली तेव्हा तिनं शांताबाईचा खांदा क्षणभर धरला. आम्रपालीचं हे बोलणं वीरेंद्रनं ऐकलं की नाही, कळलं नाही. तो आधीच फाटकाबाहेर जाऊन उभा होता.

बसस्टँडपर्यंत दोघं पायी गेली. तो दहा पावलं पुढं, ती मागं. एरवी तो रस्ता ओलांडताना तिच्या कोपराला धरायचा. आज दुभाजकाजवळ थांबला, ती आली की चालू लागला. स्टँडवर त्यानं तिला सावलीतल्या बाकावर बसवलं आणि स्वतः खांबाला टेकून उभा राहिला. बैहरची बस लागली आणि गेली. कंडक्टर लोक ओरडत होते, एक बाई बोरकूट विकत होती, आणि वीरेंद्र आपल्या बुटांकडं पाहात होता.

बऱ्याच वेळानं त्यानं तिच्याकडं न बघता विचारलं.

"बाबानं स्वतः मागतला का तो दुसरा?"

हाच प्रश्न तिनं आठ दिवस स्वतःला विचारू दिला नव्हता. मॅडमनंही विचारला नव्हता. हो म्हटलं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं. जबाबावर सही झाली होती, तो माणूस अडकला होता, आणि पोराच्या मनाला थोडी तरी जागा मिळाली असती.

"नाही," शांताबाई म्हणाली. "नोको म्हणत होते. दोन खेपा म्हणले. पोट भरलं, म्हणे, छातीत जड लागून राह्यलं. मी म्हणलं, प्रसादाले नाही म्हणत नसतेत. अन् हातावर ठेवला. मंग खाल्ला त्यायनं. माह्यासाठी खाल्ला."

त्यानं काही म्हणावं अशी वाट तिनं पाहिली नाही. तिचं सांगून झालं होतं, आणि त्यानंतर जे काही होईल ते घ्यायला ती तयार होती. तो निघून गेला असता तरी तिनं हाक मारली नसती.

वीरेंद्र खांबापासून सुटला. बाकाजवळ आला आणि तिच्या बाजूला बसला, जरा अंतर राखून. त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि त्या हातांची बोटं एकमेकांत शिरत होती, सुटत होती.

"माय," तो म्हणाला, "तुले वाटते, अग्नी त्यानं आपल्या मनानं देला. तसं नाही." त्यानं बोटं सोडवून हात गुडघ्यांवर ठेवले. "सकाळी त्याचाच फोन आला होता मले. मी म्हणलं, मी येतो, मी येतपर्यंत ठेवा. तो म्हणे, दोन दिवस लागतीन तुले, शरीर राहत नाही. मंग मीच म्हणलं, भाऊ, माह्या जागी तुमीच द्या. तो नाही म्हणे. मी कोण, म्हणे, मले अधिकार नाही. मी फोनवर रडलो त्याच्यापाशी. हात जोडले. तवा हौ म्हणला."

शांताबाईनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. तीन वर्षं हा तिच्या घरी येत होता, रविवारी जेवत होता, आणि हे पोटात घेऊन उठून जात होता.

"नाही म्हणत होता तो," वीरेंद्र म्हणाला. "मीच गळ घातली."

हट्ट्याची बस येऊन लागली. कंडक्टरनं गावांची नावं घेतली, लोक चढले, जागा भरल्या. दोघांपैकी कोणी उठलं नाही. बस सुटली आणि वळणावरून दिसेनाशी झाली, तरी ती दोघं तिथंच बसून होती.